अकरा थेंब

चोडणच्या धक्क्याला फेरीबोट लागली. पुढच्या दोन स्कूटर उतरल्या, मी गिअर टाकला, तेवढ्यात बोटीवरच्या पोरानं बॉनेटवर थाप मारली. ‘‘पात्रांव, तुमची गाडी ऑइल सोडटा!’’ आरशातून मागं पाहिलं. गाडी उभी होती तिथं लोखंडी पत्र्यावर रुपयाएवढा काळा डाग. रायबंदर ते चोडण अंतर ते केवढं, मांडवी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात रुपया.

‘‘जुनी आहे रे,’’ म्हटलं आणि निघालो.

मयेच्या तळ्यापर्यंत स्वतःचंच ते वाक्य कानात खुपत राहिलं. मी एकतीस वर्षं पणजीत एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. मजकूर मोठा आहे, चुका राहणारच, असं कुणी मला ऐकवलं असतं तर त्या दिवशी मला जेवण गेलं नसतं. आणि इथं मी गाडी जुनी आहे असं सांगून मोकळा झालो होतो. जुनी आहे हे खरंच. पण वय काही ठिबकत नाही. ठिबकतं ते तेल, आणि ते कुठल्या तरी एका फटीतून येतं.

गाडी मारुती 800, 1999 सालची, कार्बुरेटरवाली. तीन सिलिंडर, 796 सीसी. डिचोलीतल्याच एका डॉक्टरांकडून 2006 मध्ये घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत डिचोली ते पणजी आणि परत असे रोज साठेक किलोमीटर तिनं मला वाहिलं. ही गाडी बनायची 2014 मध्येच थांबली. मुलगी पुण्याहून फोनवर दर महिन्याला सांगते, ‘‘बाबा, विकून टाका ना ती.’’ पण 2022 च्या एप्रिलपासून जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेची पाच हजार झाली आणि मी ते पाच हजार निमूट भरलेत. एवढे मोजून जिला आणखी पाच वर्षांचं आयुष्य घेतलं, तिच्या पोटाकडे निदान एकदा वाकून बघावं की नाही?

घरी येऊन वाकलो. आमच्या अंगणात चिऱ्याची फरशी आहे. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, एकदा प्यायला की परत देत नाही. गाडी लावतो तिथं चार-पाच चिरे काळे पडले होते आणि त्यांच्यावर राख. बायको सकाळी न्हाणीच्या चुलीतली राख आणून तिथं टाकते हे मी कित्येक महिने बघत होतो. मला वाटायचं, मुंग्यांसाठी.

‘‘मुंग्यांसाठी?’’ ती म्हणाली. ‘‘अहो, तुमच्या गाडीचं तेल टिपायला. विहीर वीस पावलांवर आहे, पाऊस लागला की सगळं तिकडेच जाणार.’’

एकतीस वर्षं चुका शोधणाऱ्याच्या घरात ही चूक दुसऱ्यानंच शोधून तिच्यावर राखही टाकली होती.

त्या संध्याकाळी गाडीखाली कागद पसरला. रद्दीला माझ्याकडे तोटा नाही. चार पानं चिकटपट्टीनं जोडली, पुढची दोन चाकं कुठं येतात ते लाल पेननं आखून घेतलं आणि एक बाण काढून ‘पुढची बाजू’ असं लिहिलं, म्हणजे सकाळी कागद ओढून काढल्यावर दिशेचा घोळ नको. सहाला उठून कागद ओढला. अकरा थेंब. नऊ एका घोळक्यात, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत त्याच्या खाली. दोन फुटून वेगळे पडलेले, चेंबरच्या नटाखाली. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या डब्याला आमच्याकडे चेंबर म्हणतात. रंग काळपट तपकिरी, बोटांत चोळलं तर गुळगुळीत, वास जळका. म्हणजे इंजिनाचंच. गिअरचं असतं तर जाड, आणि गंधकासारखी घाण मारली असती. रेडिएटरचं असतं तर हिरवट, गोडसर वासाचं. एसीच्या पाण्याची शंका येण्याचं कारण नाही, माझ्या एसीला हात लावून काच खाली करावी लागते.

वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर धरतात. अकरा थेंब म्हणजे अर्ध्याच्या किंचित वर. वर्षभर रोज एवढं गळलं तरी दोनशे मिलिलिटर, दोन कप चहा. यासाठी डोकं कोण पिकवून घेईल? पण डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, वेगळंच सांगत होती. तीन महिन्यांत पातळी वरच्या खुणेवरून निम्म्यावर आली होती, आणि मागून निळा धूर येत नव्हता, म्हणजे तेल जळत नव्हतं. तेव्हा रात्री पडतात ते उरलेसुरले थेंब. खरी गळती इंजिन चालू असताना, रस्त्यावर, जिथं कागद पसरता येत नाही.

कौलारू घरात वाढलेल्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात नेमका देवघराच्या उंबऱ्यावर थेंब पडायचा. पहिल्या वर्षी काकांनी शिडी लावून देवघरावरची सगळी कौलं बदलली, थेंब तसाच. वडिलांनी मग माळ्यावर चढून बॅटरी मारली. पाणी आत येत होतं आढ्याजवळच्या एका तडकलेल्या कौलातून. तिथून रिपेवर, रिपेवरून वाशावर, आणि वाशाच्या अंगानं सरकत सरकत जिथं लाकडाला गाठ आली तिथं ते थबकून थेंब होत होतं. पाच हात लांब. गळतं तिथं फुटलेलं नसतं. इंजिनाचं तेच, वर आणखी समोरून येणारा वारा आणि रेडिएटरचा पंखा. तेल खालीही जातं आणि मागंही जातं. खालचे थेंब फक्त एवढंच सांगतात की शोध वर घ्या. ओलं सुरू होतं ती सर्वांत उंच जागा सापडली पाहिजे.

बॉनेट उघडलं, तर तिथं सगळंच ओलं. पंचवीस-सव्वीस वर्षांचं तेल आणि त्यावर डिचोलीची खाणीची तांबडी धूळ. त्याचा जो लेप होतो त्याला रंगाचं नाव नाही. खाडाखोड झालेल्या प्रुफावर नवी चूक दिसत नाही, आधी स्वच्छ प्रत काढायला लावायची. तेव्हा आधी धुणं.

मला आयुष्यात फार कमी कामांत एवढं सुख मिळालंय. पंपावरून बाटलीत अर्धा लिटर डिझेल आणलं. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. कार्बुरेटर आणि प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर यांना प्लास्टिकच्या पिशव्या घालून वर रबरबँड. खाली पत्र्याची जुनी परात, कारण विहिरीची ताकीद मिळाली होती. आणि दोन निवृत्त टूथब्रश. पहिला हात मारला तशी ती सगळी घाण काकवीसारखी सुटून ओघळायला लागली. कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश फिरवायचा, चिंधीनं टिपायचं, पुन्हा ब्रश. तासाभरानं एके ठिकाणी ॲल्युमिनिअम चमकलं आणि त्यावर उठावाची अक्षरं दिसायला लागली, ओतीव कामात आलेली, कुठला तरी क्रमांक. एकोणीस वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे आणि तिच्या अंगावर अक्षरं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. दोनदा वाचली, सवयीनं. चूक नव्हती.

मग साबणाचं पाणी, मग ऊन. आणि मग पावडर. अंगाला लावायची साधी पावडर रंगाच्या ब्रशनं सगळ्या जोडांवर भुरभुरली. ओलं झालेलं पांढऱ्यावर लगेच दिसतं. हल्ली तेलात मिसळायचा एक रंगही मिळतो, तो जांभळ्या बॅटरीच्या उजेडात चमकतो, पण पावडरीचा डबा घरात होता. बायको पायरीवर उभी राहून बघत होती. ‘‘तीटही लावा,’’ म्हणाली.

साखळी गावापर्यंत जाऊन आलो. बॉनेट उघडलं तर पांढऱ्यावर एक काळी रेघ, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून भांगासारखी सरळ खाली उतरलेली. इतका आनंद मला मुलीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा झाला होता.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं झाकण. त्याच्याखाली रबराचं पॅकिंग असतं, ते उष्णतेनं वर्षानुवर्षं शिजून कडक होतं आणि चपटं बसतं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो तेव्हा पार्टसच्या दुकानातून नवं घेतलं. बसवायला अर्धा तास. जुनं खरवडून काढायचं, बसायची जागा पुसून कोरडी करायची, नवं सरळ बसवायचं आणि नट आवळायचे. मी ते आवळले. पुन्हा गळायला नको म्हणून अंमळ जास्तच आवळले.

आठ दिवस कागद कोरडा. नवव्या दिवशी थेंब. जागा तीच, गिअरबॉक्सखालची.

माझ्या धंद्यात हे मला कोणी शिकवायला नको होतं. एका पानावर ठळक चूक सापडली की त्या आनंदात तिच्या शेजारची निसटते. मी स्वतः एकदा मथळ्यातलं मंत्र्याचं चुकलेलं आडनाव रात्री साडेबाराला पकडलं, पाठ थोपटून घेतली, आणि सकाळी बघतो तर त्याच मथळ्याखाली तारीख आदल्या महिन्याची. सापडलेली चूक पुढचीला आडोसा देते. हे ठाऊक असूनही पांढऱ्यावरची ती काळी रेघ बघितल्यावर मी पावडर पुसून टाकली होती, आणखी कुठं ओलं आहे का ते बघितलंच नव्हतं.

धीर सुटला आणि एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. काचेच्या भिंती, चहाचं यंत्र. एका तरुणानं गाडी लिफ्टवर घेतली, खालून बॅटरी मारली, दोन मिनिटांत निदान झालं. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील गेलंय. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि उतरवलाच आहे तर क्लचही बदलून घ्या. हे शेवटचं खोटं नाही, मजुरी एकदाच लागते म्हणून शहाणी माणसं तसं करतात. आकडा सोळा हजारांचा. ‘‘सर, गाडीची किंमतच तेवढी नाही,’’ असंही तो आपुलकीनं म्हणाला आणि मला नव्या गाड्यांचं रंगीत पुस्तक दिलं. मी ते घरी आणलं, वाचलं. दुसऱ्या पानावर ‘सुरक्षीतता’ होतं.

मेस्ताकडे मी आधीच जायला हवं होतं. काखेत कळसा तशी गत, त्याची शेड साखळीच्या वाटेवर, माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर. मेस्त म्हणजे मिस्त्री. दोन्ही शब्द पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’चेच, एक गोव्यात राहिला, दुसरा सह्याद्री चढून गेला. आमचं घरातलं बोलणं कोंकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत, त्यामुळे दोन्ही आपलेच. त्याच्याकडे न जाण्याचं खरं कारण सांगायला लाज वाटते. त्याच्या शेडवर पाटी आहे, निळ्यावर पिवळी अक्षरं: ‘येथे सर्व प्रकारच्या गाड्यांची दुरूस्ती केली जाईल’. रू दीर्घ. दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो. महाराष्ट्र-गोव्यातली निम्मी गॅरेजं हा शब्द दीर्घच लिहितात. त्या पाटीखालून जाताना मला दर वेळी ठेच लागल्यासारखं होतं. जिथं ‘दुरुस्ती’च नादुरुस्त तिथं गाडी कशी द्यायची, असा एक माजोरडा विचार माझ्या मनात वर्षानुवर्षं होता.

मेस्त मूळचा खाणीवरचा. खनिज वाहणारे टिपर दुरुस्त करायचा. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा टिपरवाल्यांचे हाल सगळ्यांनी छापले, आम्हीही छापले, मी ती प्रुफं वाचली. टिपरच्या मागं उभे असलेले मेस्त, वेल्डर, टायरवाले यांच्यावर फार काही छापून आल्याचं मला आठवत नाही. पुढं खाणी थोड्या सुरू झाल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा ठप्प. तोवर यानं शेड टाकून मोटारी घ्यायला सुरुवात केली होती. टिपरच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घातलेला तो माणूस मारुतीच्या बॉनेटखाली वाकतो तेव्हा माहुतानं शेळी बांधायला घेतल्यासारखा दिसतो.

त्यानं आधी काहीच केलं नाही. बोट फिरवून वास घेतला. टॅपेट कव्हरचा नट पान्यानं जरासा चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘हें कोणें आवळलां?’’ मी गप्प. ‘‘भाई, रबर पिळायचं नसतं. बसवायचं असतं.’’ नट सैल करून त्यानं पुन्हा लावले, समोरासमोरचे, थोडे थोडे, मनगटाच्या जोरावर, खांद्याच्या नाही.

मग गाडीखाली गेला. गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागाला खाली पत्र्याचं झाकण असतं, ते काढून आत बोट घातलं. बोट कोरडं, नुसती क्लचची काळी पूड. क्रँकचं मागचं सील गेलं असतं तर तेल या पोकळीच्या आतून आलं असतं, पूड चिखल झाली असती, चढावर क्लच घसरला असता. इथं आत कोरडं ठणठणीत आणि बाहेर ओलं. म्हणजे वरून. मला एकदम वडिलांची माळ्यावरची बॅटरी आठवली.

शर्टाच्या खिशातून त्यानं दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा काढला. डिस्ट्रिब्युटरच्या खाली तो धरला, वरून बॅटरी मारली. ‘‘हांगा पळय.’’ आरशात तेलाचा एक थेंब लोंबत होता, तांबूस, उजेडात जांभासारखा चमकणारा. डिस्ट्रिब्युटर या इंजिनात कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो. त्याच्या मानेभोवती एक रबरी रिंग असते, आतलं तेल बाहेर न येऊ देणारी. ती गेली की तेल डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या अंगानं निथळतं आणि थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर पडतं, तिथून दोन्ही बाजूंनी खाली. नऊ थेंबांचा घोळका. माझी पावडर त्या खालच्या अंगाला पोचलीच नव्हती. ब्रश जिथं गेला तिथंच मी शोधलं होतं.

डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी मेस्तानं टेस्टरच्या टोकानं एक रेघ ओढली, अर्धी डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर, अर्धी तो जिथं बसतो त्या भागावर. मग वरची टोपी काढून आतला रोटर कुठं बघतोय तिथं दुसरी खूण. ‘‘हा असाच्या असा परत बसला पाहिजे. दोन दात इकडचे तिकडे झाले की ठिणगी चुकीच्या वेळी पडते, गाडी फटाके मारते.’’ उपसताना रोटर आपोआप थोडा फिरला, कारण आतले दात तिरके असतात, आणि तो किती फिरला याचीही त्यानं खूण केली. मी हरखून बघत राहिलो. मजकुराला हात लावण्याआधी समासात खूण करायची, म्हणजे काय होतं आणि काय केलं दोन्ही कळतं. माझाच धंदा की हा.

जुनी रिंग त्यानं टेस्टरनं उचलली तर काचेची बांगडी मोडावी तशी कट्‌कन तिचे दोन तुकडे झाले. रबर असून. नवी माझ्या तळहातावर ठेवली, मऊ, काळी, लहान बाळाच्या मनगटाएवढी. तिला बोटानं तेल लावून बसवली, रेघेला रेघ जुळवली. दुसऱ्या फिरकीला इंजिन चालू. रिंगेची किंमत भाजीपाव आणि चहा एवढी. मजुरी त्यानं सांगितली त्याहून मी थोडी जास्त दिली. निघताना नजर वर पाटीकडे गेली.

‘‘कितें पळयता, भाई?’’

‘‘काही नाही. ढग आलेत.’’

ढग खरोखरच आले होते. त्या आठवड्यात पाऊस लागला. आता कागदाचा उपयोग नव्हता, पण पावसाळ्यात त्याची गरजही पडत नाही. तीनेक आठवड्यांनी एका सकाळी उघडीप होती, अंगणात चिऱ्यांच्या खळग्यांत पाणी साठलं होतं आणि गाडीच्या नाकाखालच्या पाण्यावर मोरपिशी तवंग. तेलाचा एक थेंब पाण्यावर पसरून कागदापेक्षा कितीतरी पातळ होतो आणि मग त्यात रंग दिसतात, निळा, जांभळा, कडेला पिवळा. पाचवीतला मुलगा त्याला सुंदर म्हणेल. बायकोनं राखेचं टोपलं आणलं.

या वेळी ओल गिअरबॉक्सखाली नव्हती. पुढं, चेंबरच्या कडेनं होती. ते दोन वेगळे थेंब, ज्यांना मी पहिल्या दिवशीच फुटीर म्हणून सोडून दिलं होतं.

मेस्तानं या खेपेला चेंबरकडे बघितलंसुद्धा नाही. कपाळावर हात मारला आणि इंजिन चालू ठेवून वरचं तेल भरायचं झाकण फिरवलं. झाकण सैल होताच थरथरायला लागलं. चुलीवरच्या भाताच्या झाकणासारखं ते उडत होतं, आणि भोकातून फुस्स फुस्स वारा. त्यानं झाकण उलटं करून माझ्या नाकासमोर धरलं. आत फिकट पिवळी, दुधाळ साय. बोटानं निपटली तर लोण्यासारखी.

‘‘भाई, गाडी किती चालते तुमची?’’

‘‘रोज. बाजारापर्यंत.’’

‘‘बाजार किती?’’

‘‘दोन किलोमीटर.’’

‘‘आणि पूर्वी?’’

‘‘साठ.’’

तो हसला, पण माझ्यावर नाही. ‘‘टिपर आसलो जाल्यार पयलीं हेंच पळयलें आसतें,’’ म्हणाला. लहान गाडी म्हणून डोकं चाललं नाही, असं स्वतःलाच बोलून घेतलं.

मला हे समजायला थोडा वेळ लागला. पेट्रोल जळलं की पाणी होतं. एक लिटर पेट्रोलमागं साधारण लिटरभर पाणी. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा धूर आणि थोडी वाफ खाली चेंबरकडे उतरतेच, नव्या गाडीतसुद्धा. इंजिन नीट तापलं आणि तापलेलं राहिलं तर ती वाफ तेलातून उडून जाते आणि टॅपेट कव्हरवरच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनानं श्वास सोडायच्या पाइपातून एअर क्लीनरकडे, तिथून पुन्हा इंजिनात जळायला. दोन किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही. वाफेचं पाणी आतच राहतं, तेलात घुसळून त्याची साय होते, त्यात आमची दमट हवा. ती साय जाऊन ब्रीदरच्या पाइपात बसली. पाइप बंद. खाली दाब वाढला, आणि दाबाला वाट हवीच असते. आधी त्याला शिजलेलं पॅकिंग सापडलं. ते मी बदललं, तर त्यानं डिस्ट्रिब्युटरची रिंग धरली. ती मेस्तानं बदलली, तर आता चेंबरची कड. आणखी एक दुरुस्ती केली असती तर पुढचं सील. मागचं क्रँक सीलही पुढंमागं गेलंच असतं आणि ते सोळा हजार मी भरलेच असते.

म्हणजे गाडी गळत नव्हती, कोंडली होती. आणि कोंडली कधीपासून, तर मी घरी बसलो तेव्हापासून.

ब्रीदरचा पाइप काढून मेस्तानं त्यात तार घातली. साय निघाली ती वीतभर. पाइप पेट्रोलनं धुतला, फुंकून दाखवला. तेल बदललं, फिल्टर बदलला. काढलेलं तेल कॉफीत दूध जास्त झाल्यासारखं होतं. ते डब्यात भरून ठेवलं तर शेजारचा म्हणाला, वाशांना लावायला द्या, वाळवी येत नाही. पूर्वी सगळे लावायचे. बायकोनं विहिरीकडे बोट दाखवलं आणि डबा मेस्ताकडे परत गेला, त्याच्याकडे जुन्या तेलाचं पिंप भरून नेणारा येतो. चेंबरचं पॅकिंग मेस्तानं बदललंच नाही. ‘‘दाब गेला की बहुतेक थांबेल. नाही थांबलं तर बघू.’’ न तुटलेलं दुरुस्त न करणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता. चांगल्या मुद्रितशोधकालाही हे शेवटी शेवटीच जमतं.

आणि जाताना त्यानं औषध सांगितलं: आठवड्यातून एकदा तासभर गाडी हाकायची. कामाशिवाय.

कामाशिवाय हाकणं मला जड गेलं. पेट्रोल जाळायचं आणि कुठं पोचायचं नाही, हे आमच्या पिढीला पाप वाटतं. पहिल्या गुरुवारी चोर्ला घाटाची वाट धरली, केरी सोडली आणि चढ लागला. तीन सिलिंडरांचं ते इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत होतं, तापमानाचा काटा मधोमध स्थिर. घाटात सगळीकडे पाणी, कड्यांवरून, झाडांवरून, रस्त्याच्या कडेच्या चरांतून, सगळा डोंगर निथळत होता. वर पोचल्यावर थांबून झाकण उघडलं. आतून कोरडं, तेलाचा नुसता पातळ हात फिरलेला. बायको बरोबर होती. ‘‘दर गुरुवारी हेच बघायला यायचं का?’’ तिनं विचारलं. पुढच्या गुरुवारी थर्मास आणि चकल्यांचा डबा तिनंच गाडीत ठेवला.

परवा पुन्हा पणजीला गेलो होतो. येताना रायबंदरला मुद्दाम फेरीची रांग धरली. चोडणला उतरताना त्या पोराला हाक मारून मागं बोट दाखवलं. त्यानं पत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, त्याला काही आठवत नव्हतं. ‘‘कितें जालें, पात्रांव?’’ मागच्या टेम्पोनं हॉर्न दिला.

काल रात्री उघडीप होती म्हणून गाडीखाली शेवटचा कागद पसरला. चार पानं, चाकांच्या खुणा, बाण. सकाळी सहाला ओढून काढला. उजेडाकडे धरला, तिरका करून बघितला, पाठीमागूनही बघितला. चेंबरच्या जागी पाठीमागं उमटेल न उमटेल असं एक बोट ओलसर, बाकी कोरडा. गुंडाळणार तेवढ्यात तिसऱ्या स्तंभात तळाशी एक चौकट दिसली. कुठल्याशा पुलाच्या दुरूस्तीसाठी वाहतूक वळवण्यात आल्याची सूचना होती.

चष्मा आणायला आत गेलो, आणि येताना लाल पेन.